खांडीच्या तोंडाशी

गुणाजीची टाच साऱ्या खारेपाटात ठाऊक होती. टाच म्हणजे काही नाक नव्हे, की चार माणसांत उठून दिसावं. पण खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं की शेवटचं भगदाड बुजवायला जो उभा राहतो, त्याच्या टाचेवर गावाचा भात असतो. त्या भगदाडाला इकडे खांड म्हणतात. बांधावर माणसांची रांग लागते, चिकण मातीचे परातीएवढे गोळे हातोहात पुढे येतात, आणि खांडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस गोळा बसवून त्यावर टाच मारतो. टाच नीट बसली तर गोळा बांधाचा होतो. नाहीतर पाणी त्याला घेऊन जातं, आणि मागच्या सगळ्यांची मेहनत खाडीला मिळते.

ती तोंडाची जागा गुणाजीच्या घराकडे आजोबांपासून होती. कुणी दिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती. गावकीच्या बैठकीत गुणाजी मागे बसायचा, लग्नात वाढप्यांच्या पंगतीला जेवायचा. पण खांड बुजवायच्या दिवशी सरपंचसुद्धा त्याला विचारल्याशिवाय चिखलात पाय घालत नसे. त्या एका दिवसाचा ताठा तो वर्षभर पुरवून वापरायचा.

त्र्याण्णव सालच्या भादव्यातल्या उधाणात गावच्या मोठ्या खारीचा, म्हणजे खाडीकाठच्या भातजमिनीचा, बांध फुटला. उभ्या भातात खारं पाणी शिरलं आणि हिरवी लोंबी आठवड्यात तांबडी पडली. पावसात काही करता येत नाही. कापण्या उरकल्यावर गावाने ठरवलं, की घरटी एक माणूस घालून दोन्ही अंगांनी बांध भरत आणायचा आणि फाल्गुनातल्या अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरतीचा जोर मोडलेला असताना, खांडीचं तोंड बंद करायचं. शिमग्याच्या आत खार कोरडी हवी. ती ओलीच राहिली तर पुढचं पीकही गेलं.

ते काम चालू असतानाच पोषात गुणाजीला नव्या व्याह्यांचं पोपटीचं बोलावणं आलं. त्याची एकुलती एक लेक वैशाली रोह्यापलीकडच्या हैबतरावांच्या साईराजला दिली होती. साखरपुडा झाला होता, लग्न वैशाखात होतं. जावई धाटावला कंपनीत होता. गुणाजी नि त्याची बायको मालू ठेवणीतले कपडे घालून गेली.

हैबतराव मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने वालाच्या शेतातच मांड मांडला होता. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्याने बुजवून मडकं उपडं घातलं आणि भोवती जाळ केला. सगळं यथासांग चाललं होतं. फक्त जावयाला रात्रपाळी होती आणि धाटावची गाडी गाठायची होती.

"उतरा मडकं," हैबतराव म्हणाला. "तुमच्या जावयाला सोडून पोपटी खायची म्हंजे काय?"

"जरा दम धरा की," त्याची बायको गिरजाबाई म्हणाली.

"गो, वास बघ कसा सुटलाय! झालंय."

वालाच्या शेंगा झाल्या होत्या. कोंबडी हाडाशी लाल होती. हैबतरावाने सगळ्यात मोठी तंगडी प्रेमाने व्याह्याच्या पानावर ठेवली. गुणाजीने पहिला घास तोडला आणि लाल मांस बघितलं. मालूनेही बघितलं. दोघांची नजरानजर झाली. पण मुलगी दिल्या घरी पानात टाकणं म्हणजे व्याह्याच्या तोंडावर टाकणं. गुणाजीने तंगडी हाडापर्यंत साफ केली आणि वर आणखी एक तुकडा मागून घेतला. मालूने शेंगा सोलून खाल्ल्या आणि गप्प राहिली.

घरी आल्यावर एक दिवस बरा गेला. मग पोटाने दावा साधला. ताप, कळा, आव, रक्त. गुणाजी टमरेल घेऊन खाडीकडे फेऱ्या मारू लागला आणि कुणी विचारलं तर सांगायचा, "बांध बघाया जातो." लोक म्हणाले, गुणाजीला खांडीची केवढी काळजी! मालू पदर तोंडाला लावून हसायची आणि मग एकटी बसून काळजी करायची.

"सांगू नको कुनाला," त्याने बजावलं. "व्याह्याकडं खाल्लं न हगवन लागली असं गावभर झालं तर पोरीला तोंड नाय ऱ्हायचं तिथं."

"मी कशाला सांगू? माजी पोर नाय का ती?"

ताकभातावर पोट बसलं. दोघांनी विषय जमिनीत पुरला.

पोष सरता सरता गुणाजी सकाळी उठला आणि उजवी टाच जमिनीला टेकवेना. मागच्या शिरेत कुणी खिळा ठोकला असावा तसं दुखत होतं. काटा असेल म्हणून त्याने सुईने उकरून बघितलं. काटा निघाला नाही, रक्त निघालं. तरी तो बांधावर गेला. रांगेतून गोळा आला, त्याने बसवला, टाच उचलून मारली आणि कळ मस्तकात जाऊन तो चिखलात बसला तो बसलाच.

रांग हसली. चिखलात कुणीही घसरतं, आणि घसरला की हसायचं असतं. पण गुणाजी उठेना, तेव्हा हसणं मागून पुढे एकेक करून थांबलं. शेजारच्या आळीतला महिपती पुढे आला, त्याने काखेत हात घालून त्याला वर घेतलं.

"आजच्यापुरता मी मारतो टाच," महिपती म्हणाला. "तू बस."

महिपती वाईट माणूस नव्हता. त्याने ते चांगल्या मनानेच म्हटलं, म्हणून जास्त झोंबलं.

दोन दिवसांत त्याच पायाचा गुडघा सुजला. नारळाएवढा झाला, हात लावला तर तव्यासारखा गरम. पायाचं एक बोट वांग्यासारखं फुगलं. डोळे लाल झाले, तेव्हा गाव म्हणालं, हा घरी बसून ढोसतो. लघवीला जळजळ व्हायची, ते त्याने मालूलाही सांगितलं नाही. घरगुती उपाय करायला मात्र सारं गाव पुढे. एकाने टाचेवर बिब्बा घातला, तिथे फोड आला. दुसऱ्याने गरम तेलाने गुडघा असा रगडला, की गुणाजी आज्याच्या नावाने ओरडला. सूज दुप्पट झाली. जुनी माणसं म्हणाली, खारं पाणी मुरलंय हाडात. आता ह्याने चिखलाचं नाव सोडावं.

ते वाक्य गुणाजीला दुखण्याहून भारी गेलं. रात्रंदिवस त्याच्या डोळ्यांपुढे खांडीचं तोंड आणि त्यात उभा महिपती. एकदा दुसऱ्याची टाच तिथे बसली की जागा त्याची होते, आणि गाव ते बोलूनही दाखवत नाही. नुसतं पुढच्या वेळी त्याला हाक मारतं.

शेवटी मालूने ऐकलं नाही. गडबच्या नाक्यापर्यंत बैलगाडी आणि तिथून एसटी करून तिने त्याला पेणला नेलं. नमिताबाई म्हणून डॉक्टरीण होती, तरुण, पण हात हलका. तिने गुडघा तपासला, टाचेची शीर दाबली, फुगलेलं बोट बघितलं, डोळ्याची पापणी खाली ओढली.

"काका, मागच्या महिन्यात पोट बिघडलं होतं का? जुलाब? ताप?"

"नाय," गुणाजी म्हणाला.

डॉक्टरणीने मालूकडे बघितलं. मालूने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "नाय," ती म्हणाली.

"लघवीला जळजळ?"

गुणाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डॉक्टरणीने मालूला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर म्हणजे पडद्यापलीकडे. आणि पडदा म्हणजे जुन्या चादरीचा तुकडा.

"काका, रागवू नका, मला विचारावंच लागतं," डॉक्टरीण आवाज खाली आणून म्हणाली. "गुडघा, टाच, डोळे, लघवी असं एकत्र येतं ते आधी होऊन गेलेल्या दुसऱ्या आजारामुळे. एक तर पोटाच्या, नाहीतर बाहेरच्या संबंधातून लागलेल्या. पोटाचं काही झालं नाही म्हणता. मग बाहेर कुठे जाणं झालं होतं का?"

गुणाजी एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण तो शब्द व्याह्याच्या उंबऱ्यावर जाऊन पडला असता, आणि त्या उंबऱ्याच्या आत त्याची पोर जायची होती. त्याने ओठ घट्ट मिटले आणि खाली बघत बसला. जन्मात बायकोखेरीज कुणाकडे मान वर करून न बघितलेला माणूस, बदनामी पत्करून बसला.

पडदा सर्रकन बाजूला झाला.

"बाई, काय बी लिवू नका!" मालू म्हणाली. "ह्या मानसाला मी वळखते. रस्त्यानं जाताना ह्याला शेजारीन दिसत नाय, बाहेरची काय दिसनार? जुलाब झालते. रक्त पडलं. आमच्या व्याह्याकडं पोपटी खाल्ली, कोंबडी हाडाशी लाल होती. मी बघितली. मी शेंगा खाल्ल्या न तोंड शिवून बसले."

"मालू!" गुणाजी ओरडला.

"ओरडा. व्याह्याची अब्रू झाकाया माज्या नवऱ्याची घालवू? मना नाय जमनार."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. तिला हसू आलं होतं आणि तिने ते लपवलं नाही. मग सुई घालून तिने गुडघ्यातलं पाणी काढलं. गढूळ पिवळं पाणी. पू आहे का बघायला ते तपासायला पाठवलं. रक्त-लघवीही घेतली. दोन दिवसांनी पू नसल्याचं कळलं, तेव्हा तिने दोघांना समोर बसवून सांगितलं.

"त्या कच्च्या कोंबडीतून जंतू पोटात गेला. पोट बरं झालं, जंतू गेला. पण त्याला मारायला शरीराने जे पेटवलं ते विझलं नाही. ते आता सांध्यांना भाजतंय."

गुणाजी म्हणाला, "म्हंजे खांड बुजली, पन खारवन जमिनीत ऱ्हायलं."

"म्हणजे?"

"खारं पानी येकदा शेतात शिरलं, की मागून बांध घातला तरी जमीन लगेच पिकत नाय. पावसानं धुवत धुवत जातं ते."

"अगदी तसंच," डॉक्टरीण म्हणाली. "बहुतेकांचं काही महिन्यांत जातं. घाई केली तर लांबतं. गोळ्या जेवल्यावरच घ्यायच्या, उपाशी नाही. तेल नाही, रगडणं नाही, बिब्बा तर नाहीच नाही. गरम गुडघ्यावर गार पाण्याची घडी. सूज ओसरली की पाय सरळ उचलायचा व्यायाम, नाहीतर मांडीचं मांस वाळेल. डोळ्याचे थेंब देते. पण डोळा दुखला किंवा उजेड सोसेना, तर त्याच दिवशी यायचं. आणि पाणी उकळून, मटण शिजवून."

"खारं पानी मुरलं म्हनतात लोक. चिखलात उतरू का नको मंग?"

"चिखलाचा दोष नाही. पुढच्या वर्षी उतरा. यंदा त्या टाचेवर आपटायचं नाही."

पुढच्या वर्षी! गुणाजी एसटीत खिडकीकडे तोंड करून बसला.

पण डॉक्टरणीने जाता जाता आणखी एक विचारलं होतं, व्याह्यांच्या घरी कुणाला काही झालं का? असलं तर त्यांनाही सांगा. गुणाजी म्हणाला, मेलो तरी निरोप धाडणार नाही. मालूने नाक्यावरच्या पीसीओवरून थेट जावयाच्या कंपनीत फोन लावला.

चौथ्या दिवशी हैबतराव आणि गिरजाबाई दारात. हैबतरावाचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. तो ओटीवर बसला, गुणाजीच्या गुडघ्याकडे बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"व्याही, आमचं बी सगळं घर आडवं झालतं," तो म्हणाला. "साईराजच्या दोन पाळ्या बुडाल्या. हिला सलाईन लावली."

"मंग सांगितलं का नाय?"

"कसं सांगू? पहिल्यांदा जेवायला बोलावलं न इख घातलं म्हनून पोर देनार नाय तुमी, असं वाटलं. पन तुमी का नाय सांगितलं?"

"तुमची अब्रू जाईल म्हनून!"

आधी गिरजाबाई हसली, मग मालू, आणि मग हैबतरावाचा गडगडाट परत आला तो आळीभर ऐकू गेला. गुणाजीला हसताना गुडघा दुखला, तरी तो हसला.

"सगळ्यांनी खाल्लं, मंग सांधे माजेच का धरले?" त्याने विचारलं.

"डॉक्टरीनबाई म्हनाल्या ना, येकेक अंगाची जात असते," मालू म्हणाली. "तुमचं अंग बी तुमच्यासारखंच. येकदा भांडाया उठलं की थांबत नाय."

माघ गेला. मालूने घरच्या बांधाची पाळीही स्वतः केली आणि गुणाजीची घडीही. पहाटे मडक्यातल्या गार पाण्यात जुन्या लुगड्याचा धडपा पिळून गुडघ्यावर, दुपारी बांधावर, आल्यावर पुन्हा धडपा. वैशाली गोळ्या देताना आधी भाकरी संपली का बघायची. गुणाजी ओटीवर पाय सरळ वर उचलायचा आणि येणाराजाणारा विचारायचा, "काय गुणाजी, सलामी कुणाला?" सूज उतरली. ताप गेला. डोळे निवळले. टाच मात्र सकाळी बोलायचीच.

फाल्गुनातली अष्टमी आली. ओहोटी लागली तसं गाव बांधावर जमलं. गुणाजी काठी टेकत आला, बरोबर वैशाली. हैबतरावही गिरजाबाईला घेऊन आला होता, व्याह्याच्या गावच्या कामाला हात लावायला. डोंगराकडचा माणूस, पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत रुतला आणि चौघांनी त्याला मुळ्यासारखा उपटून रांगेच्या शेवटी ठेवला.

तोंडाशी कुणी उभं नव्हतं. महिपती बाजूला थांबला होता.

"जागा तुजी हाय," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "तू उतरत असशील तर मी मागं उभा ऱ्हातो. नाय उतरत, तर तुज्या तोंडानं सांग."

सारी रांग बघत होती. गुणाजीने खांडीकडे बघितलं. गुडघाभर पाणी उतरत होतं, शांत, आजच बुजवून घ्या म्हणणारं. त्याने काठी चिखलात रोवली, धोतर खोचलं. आज टाच मारली तर जागा राहील आणि पाय जाईल. नाही मारली तर पाय राहील. त्याचं मन जागेकडेच धावत होतं, खोटं कशाला बोला.

तेवढ्यात मालू त्याच्या बाजूने पुढे गेली. लुगड्याचा काष्टा तिने घट्ट ओढलेला होता. ती सरळ तोंडाशी उतरली आणि दोन्ही पाय रोवून उभी राहिली.

"बाईमानूस तोंडाशी?" रांगेतून कुणी म्हणालं.

"घरटी मानूस, असं ठरलंय गावाचं," मालू म्हणाली. "मी मानूस नाय का? पंदरा वर्सं ह्यांच्या हातात गोळा कोन देतं? ह्यांची टाच कशी पडते ते ह्यांच्यापेक्षा मी जास्त बघितलंय."

महिपतीने गुणाजीकडे बघितलं. आता बोलायचं होतं ते गुणाजीने. त्याने खोचलेलं धोतर सोडलं, बांधावर बसला, पाय सरळ केला आणि ओरडला, "गोळा सोडा! वेळ काय तुमच्या बापाचा हाय? ओहोटी थांबनार नाय!"

गोळे सुटले. मालू गोळा घ्यायची, बसवायची, टाच मारायची. "तिरपी मार गो, अंगाकडं!" गुणाजी वरून ओरडायचा. "कळतं मना!" ती खालून ओरडायची. पाण्याने दोन गोळे ओढून नेले. तिसरा तिने बसवला आणि त्यावर दोन्ही टाचांनी उभी राहिली, पाणी गुडघ्यांना फेस आणत होतं तरी हलली नाही. आणि मागचा गोळा येईपर्यंत त्या गावाचा बांध म्हणजे मालूच होती. गुणाजीचं ओरडणं हळूहळू थांबलं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. छाती मात्र अशी भरून आली, की त्याला ती दोन्ही हातांनी धरावीशी वाटली.

शेवटचा गोळा बसला. एक चिंधीएवढी धार वाहत राहिली, मग तीही थांबली. खाडी खाडीत राहिली आणि खार खारीत. रांग ओरडली, हैबतराव सगळ्यांत मोठ्याने.

रीतीप्रमाणे शेवटच्या गोळ्यावर टाचेचा ठसा ठेवतात, त्यावर नारळ फोडतात आणि पहिली कवड तोंडाच्या माणसाला देतात. महिपतीने नारळ फोडला आणि सवयीने कवड गुणाजीपुढे धरली.

"ठसा कुनाचा हाय?" गुणाजीने विचारलं.

महिपती वळला आणि कवड मालूच्या हातात दिली.

ती बांधावर येऊन बसली तेव्हा तिच्या टाचांतून रक्त येत होतं. चिखलातल्या कालवांच्या शिंपल्यांनी कापलं होतं. गुणाजीने खांद्यावरचा धडपा घेतला, तोच गुडघ्याच्या घडीचा, आणि कळशीतल्या गोड्या पाण्यात पिळला.

"पाय हिकडं घे."

"येडे झाले का? सगळं गाव बघतंय."

"बघू दे."

त्याला वाकता येत नव्हतं. म्हणून त्याने तिचा पाय उचलून आपल्या सरळ केलेल्या मांडीवर ठेवला आणि भरल्या बांधावर, व्याह्यासमोर, विहिणीसमोर, पोरीसमोर, तिच्या टाचेचा चिखल धुऊ लागला. मालू पदरात तोंड लपवून बसली. रांगेतली हसणारी माणसं आज हसली नाहीत.

गुणाजीने मान वर केली.

"नीट बघून ठेवा," तो म्हणाला. "ही आमच्या घरची टाच."